नववा नंबर

मावशींनी हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"तुझं यंत्र पुन्हा रुसलं गं. एकाने फोन उचलला नाही, की हे आपलं गप्प!"

प्रोग्रामर खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली. रक्तपेढीच्या यादीत ओ निगेटिव्हचे चौदा दाते होते. प्रोग्रामने एकेक नंबर लावायचा, मावशींनी बोलायचं, कुणी 'येतो' म्हणालं की थांबायचं. बाळंतिणीच्या वॉर्डातल्या बाईसाठी चारच्या आत एक दाता हवा होता. पावणेतीन वाजले होते.

"होकार आला तरी थांब, फोन उचलला नाही तरी थांब, असं लिहून बसलेय मी," ती म्हणाली. दुसऱ्या ठिकाणचा 'ब्रेक', म्हणजे थांबायचा हुकूम, पुसून तिने 'कंटिन्यू' लिहिलं. "आता न उचलणाऱ्याला सोडून पुढे जाईल."

"मग नवव्यालाही सोडायला सांग."

"का?"

"फटकळ मास्तर. दोनदा खेकसला माझ्यावर. हे यंत्र येण्याआधी वहीत त्याचं नाव आलं की मी बोट पुढे सरकवायचे."

"कधीपासून?"

मावशी हेडफोनच्या वायरचा गुंता सोडवू लागल्या. "झाली असतील चार वर्षं."

"मी प्रोग्राममध्ये तशी अट घातली ना मावशी, तर तुम्ही निवृत्त झालात तरी त्यांना कुणी विचारणार नाही."

"बरं बाई, राहू दे. पण त्याचा लागला तर तू बोल."

"मला पगार प्रोग्रामचा मिळतो. शिव्या खायचा नाही."

पहिल्या पाच जणांनी फोन उचललाच नाही. प्रोग्राम पुढे जात राहिला. सहावा परगावी होता, सातवीला ताप, आठव्याने गेल्याच महिन्यात रक्त दिलं होतं. नववा वाजू लागला. मावशी ताठ बसल्या.

"कोण?"

"रक्तपेढीतून बोलतेय, सर. ओ निगेटिव्ह हवं होतं. तातडीने."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मला वाटलं, वय झालं म्हणून नाव खोडलंत."

"नाही, सर." मावशींचा आवाज खाली आला. "यादीत आहात."

"मग इतकी वर्षं झोपला होतात काय? वीस मिनिटांत येतो."

फोन आपटला गेला. मावशींनी होकाराचं बटण दाबलं आणि प्रोग्राम नवव्या ओळीवर थांबला.

मावशींनी खणातून जुनी वही काढली, चष्मा पुसला आणि मागचं पान उघडलं.

"ए निगेटिव्हचे दोघं आहेत इथे," त्या पडद्याकडे न बघता म्हणाल्या. "तेही असेच खेकसणारे, म्हणून तुला यादी देताना मी सांगितलेच नव्हते. घे लिहून."