टाकी निम्मी असताना

भरलेली

"भटजी, जेवलात का?"

"सकाळचे सव्वानऊ झालेत, धनराज."

"मग संध्या झाली का ते सांगा."

यार्डातल्या फोनवरून धनराज नेहमी ओरडूनच बोलायचा, जणू हरसूलच्या या डोंगरावरून त्या डोंगराला हाक मारतोय. वेणीमाधव गायधनींनी रिसीव्हर कानापासून चार बोटं लांब धरला. सातपूरच्या त्या ड्रॉइंग ऑफिसात दोघांची टेबलं सोळा वर्षं एकमेकांना चिकटून होती. वेणीमाधव त्र्यंबकच्या पूजा सांगणाऱ्या घरातले, आणि धनराज तिथून पुढे डोंगरातल्या हरसूलचा. एकाने आकडे मांडायचे, दुसऱ्याने जागेवर जाऊन ते खरे की खोटे ते मोजायचे. समुद्र नाशिकपासून कोसच्या कोस लांब, पण किनाऱ्यावरच्या एका यार्डात बांधल्या जाणाऱ्या लहान लढाऊ बोटीचा कागद न् कागद इथूनच जायचा. आज, फेब्रुवारी अठ्ठ्याण्णवच्या त्या गुरुवारी, सहांपैकी पहिली बोट चाचणीला निघाली होती.

"किती वाजता सुटताय?"

"धाला. टाकी फुल्ल केली. आधी साडेतीन तास सरळ पळवायची, मग वळणं. गर्रकन् डावीकडं, गर्रकन् उजवीकडं. मी मागच्या डेकवर वळंबा टांगून बसणार, कलली किती ते बघत." मग तो हसला. "बाकी भटजी, मधली भिंत तुमी काढली आन् टाकीचा पार तलाव झाला. डिझेल भरताना आवाज ऐकला मी. आमच्या भागीनं बघितलं असतं तर वर पान टाकलं असतं."

"कसलं पान?"

"हंड्यात टाकतात तसं. पाणी हिंदकळू नये म्हणून. तुमाला काय, घरात नळ हाय. ठेवतो."

वेणीमाधवांनी फोन ठेवला, आणि हात फोनवरच राहिला.

अजून जवळजवळ भरलेली

लहान बोटीत सगळं मावत नाही, हे या धंद्यातलं पहिलं आणि शेवटचं दुखणं. खाडीत शिरायला ती उथळ हवी. चोरट्या होड्यांमागे धावायला हलकी हवी. आणि समोरच्याने गोळी झाडली तर उत्तर द्यायला तोफ हवी, तीही वर, उंचावर, सगळ्यांत वाईट जागी. एक द्या, दुसरं काढा. धनराज म्हणायचा, "आपली बोट म्हंजे आमचं खोपट. पाव्हणा आला की शेळी भाईर बांधायची."

डिसेंबरात पाहुणा आला. ठरलेल्या तोफेऐवजी मोठी तोफ बसवायचं वरून ठरलं. साडेआठशे किलो जास्त. मालक म्हणाले, कुठूनही काढा, पण एकूण वजन हलता कामा नये. कागद यार्डाला पाठवायला एकच दिवस उरला होता. वेणीमाधवांनी रात्रीचा चहा सोडून सगळं पत्रक चाळलं आणि त्यांना शेळी सापडली. डिझेलच्या टाकीला मधोमध दुभागणारी पोलादी भिंत, तिला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांसकट बरोबर साडेआठशे. त्यांनी पट्टी ठेवून तिच्यावर एक सरळ रेघ मारली. बेरीज जुळली. सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या होत्या.

बेरीज जुळली होती. फक्त साडेआठशे किलो तळातून निघून माथ्यावर गेले होते.

आणि दुसरं. बोट किती तोल धरते हे तीन रकान्यांत मांडायचं असतं: टाकी भरलेली, निम्मी, रिकामी. भरलेल्या टाकीत डिझेलला हलायला जागा नसते. रिकामीत हलायला काही नसतं. निम्मीत मात्र ते मोकळं धावतं, मध्ये अडवायला भिंत नसेल तर. त्या दिवशी त्यांनी हे दोन रकाने नव्याने काढले. मधला रकाना जुन्या पत्रकावरून उतरवला.

जुन्या पत्रकात भिंत होती.

साडेनऊ. वेणीमाधवांनी पत्रक काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि मधला रकाना नव्याने मांडायला घेतला. दोनदा पडताळल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, ही तीस वर्षांची शिस्त. एकदा काढला. विश्वास बसेना. दुसऱ्यांदा काढला.

तोच.

घड्याळात अकरा वाजून गेले होते. बोट तासाभरापासून समुद्रात होती आणि डिझेल पीत होती.

पाऊण

"काका, बसा. पाणी घ्या."

मयुरेश चौतीस वर्षांचा. वडिलांमागे दोन वर्षांपूर्वी तो मालकाच्या खुर्चीत बसला होता. त्याने कागद पाहिला, उलटा करून पाठही पाहिली, तिथे काही नव्हतं.

"उलटेल का?"

"सावकाश चालवली तर नाही. जोरात वळवली तर खूप कलेल. किती, ते मला सांगता येत नाही. आणि वळणं दीड वाजता आहेत. टाकी निम्मी होईल नेमकी तेव्हा."

"भिंत कोणी काढली?"

"मी. तुम्ही म्हणालात कुठूनही काढा."

"कुठूनही म्हणालो. भिंत काढा असं नव्हतो म्हणालो." मग त्याचा आवाज उतरला. "काका, तुमची सही आहे. माझी आहे. आज पहिल्या बोटीवर आपण म्हणायचं की आमचा कागद खोटा? पुढच्या पाच बोटी जातील. खाली चाळीस माणसं बसलीत."

"वर धनराज बसलाय."

"चालवणारे लोक अनुभवी आहेत. थोडं तर सगळ्याच बोटी हलतात. संध्याकाळी ते परत आले की मी स्वतः बोलतो. शब्द देतो."

वेणीमाधव उठले. दारात थांबले. काही बोलायचं होतं, पण इतक्या वर्षांत त्या खुर्चीसमोर आवाज चढवायची कधी वेळच आली नव्हती, आणि तो कसा चढवतात हे ऐनवेळी आठवेना.

पाऊण आणि निम्मीच्या मध्ये

ऑफिसबाहेरच्या एसटीडी बूथवर भिका नावाचा एका पायाने अधू माणूस बसायचा. फोन अर्ध्या तासाने, तिसऱ्या खेपेला लागला. यार्डातल्या बाईंचा आवाज शांत होता.

"साहेब सगळे जेट्टीवर आहेत, सर. बोटीशी वायरलेसवरूनच बोलता येतं. तोंडी निरोप मी देऊ शकत नाही, चाचणी चालू आहे. लेखी पाठवा, फॅक्स. मी स्वतः नेऊन देते."

"लगेच?"

"लगेच. एकपर्यंत मी इथेच आहे. मग जेवायची सुट्टी."

बारा पंचवीस झाले होते. पस्तीस मिनिटं.

भिकाने कोरा कागद सरकवला.

*महोदय, आपल्या दि. ९ डिसेंबरच्या पत्राच्या अनुषंगाने, तसेच तोफेच्या बदलामुळे उद्भवलेल्या वजनवाढीच्या संदर्भात, आमच्या कार्यालयाने सादर केलेल्या पत्रकातील रकाना क्र. २ मध्ये अनवधानाने*

अनवधानाने? त्यांनी पेन उचललं. अनवधान कसलं? घाई होती. आणि आमच्या कार्यालयाने म्हटलं की मयुरेश त्यात आला, चाळीस माणसं आली. कागद चुरगळला. दुसरा घेतला.

*महोदय, पत्रकातील रकाना क्र. २ हा जुन्या पत्रकावरून घेतला असून टाकीतील मध्यभिंत काढल्यानंतर तो पुन्हा मांडणे आवश्यक होते. सदर चूक वेळेअभावी*

"भटजीकाका," भिका म्हणाला, "एक वाजत आला. पाठवायचा हाय ना?"

"थांब."

वेळेअभावी. म्हणजे पुन्हा कारण. त्यांना वाटत होतं, असं लिहावं की ज्यात कोणी अडकणार नाही आणि तरी बोट थांबेल. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं, कागद असा जुळवायचा की कुणालाच काही सोडावं लागू नये. तिसरा कागद. चौथा. रेघ वाकडी गेली म्हणून, देवाशपथ, रेघ वाकडी गेली म्हणून त्यांनी पाचवा घेतला.

*टाकी निम्मी असताना बोट जोराने वळवू नका. आकडा चुकीचा आहे. चूक माझी. वे. मा. गायधनी.*

एवढंच तर लिहायचं होतं.

मशीनने कागद ओढला, कुरकुरलं आणि खालून बोटभर पावती बाहेर टाकली. एक पान. पोहोचलं. एक वाजून बारा मिनिटं.

त्यांनी लगेच फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. वाजत राहिली. भिकाने दुसरी गिऱ्हाइकं परत पाठवली. वेणीमाधव पुन्हा लावत होते, पुन्हा, आणि त्यांना डोळ्यांपुढे ते टेबल दिसत होतं. रिकामी खुर्ची, आणि मशीनच्या तोंडातून लोंबणारा त्यांचा कागद.

निम्मी

एक वाजून अडतीस.

बोट उलटली नाही. हे सगळ्यांनी नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं. उजवीकडे वळली, कलली, डिझेल सगळं एका अंगाला धावलं, तशी ती आणखी कलली. कठडा पाण्याखाली गेला आणि ती तशीच राहिली, जणू विचार करत असावी. मग कुणीतरी इंजिन बंद केलं आणि ती हळूहळू उठली. मागच्या डेकवरून दोघे गेले होते. एकाला काढला. धनराज तिसऱ्या दिवशी सापडला.

फॅक्स दोन वाजता जेट्टीवर पोचला. बाईंनी तो धावत नेला होता.

रिकामी

पुढच्या पाच बोटींत भिंत परत आली आणि तोफ पुन्हा लहान झाली. पत्रक कुणी दुसऱ्याने केलं. चौकशीत वेणीमाधवांनी तेच सांगितलं जे फॅक्समध्ये होतं, एक शब्द जास्त नाही. मयुरेशकडे त्यांनी पाहिलं नाही. नोकरी सोडली, एका खासगी वर्गात मुलांना ड्रॉइंग शिकवू लागले. मुलांना नवल वाटायचं की रेघ वाकडी गेली तरी गायधनी सर कागद बदलू देत नाहीत.

धनराजच्या दिवसांना सगळ्यांबरोबर ते हरसूलला गेले होते. पंक्तीत बसले, काही न बोलता परतले. पावती पाकिटात होती. बायको शैला दरवर्षी म्हणायची, "एकदा जाऊन सांगून या हो. नाहीतर ही पावती तुम्हाला खाईल." त्यांचं उत्तर ठरलेलं, "सुट्टी लागली की."

दोन हजार सहाच्या एप्रिलात ते त्र्यंबकहून हरसूलची एसटी धरून गेले.

धनराजची बायको भागीबाई दारात दोन हंडे घासत होती. तिने ओळखलं. "या, भटजी," म्हणाली. ते धनराजचं हाक मारणं होतं. वेणीमाधव उभ्याउभ्याच बोलू लागले. भिंत, मधला रकाना, पाच कागद. एक वाजून बारा. त्यांनी पाकीट उघडून पावती तिच्यापुढे धरली.

तिने ओले हात लुगड्याला पुसून ती घेतली. उन्हाकडे धरली. या बाजूने, त्या बाजूने.

"यात तर काय नाय," ती म्हणाली.

त्यांनी पाहिलं. फॅक्सचा तो कागद आठ वर्षांत पांढराफटक झाला होता. वेळ नाही, पान नाही, काही नाही.

"लिहिलेलं होतं," ते म्हणाले.

"आसंल." तिने पावती परत दिली. हंड्याच्या काठावरून बोट फिरवलं. "आदी लिवलं असतं तर आला असता का?"

"हो."

तिने मान हलवली. एक हंडा डोक्यावर घेतला, दुसरा जमिनीवरच राहिला. वेणीमाधवांनी तो उचलला आणि तिच्यामागे निघाले.

विहीर उताराच्या तळाशी होती. पाणी खोल गेलेलं. तिने आपला हंडा भरला, मग त्यांचा भरू लागली.

"निम्माच भरा," ते म्हणाले. "मला सवय नाही. चढ आहे."

"निम्मा लय हलतो," ती म्हणाली. "मान मोडंल तुमची."

तिने तो काठोकाठ भरला. बाजूच्या पळसाचं एक पान तोडलं, पाण्यावर ठेवलं आणि हंडा त्यांच्या खांद्यावर चढवला. साठीला टेकलेले वेणीमाधव चढू लागले. पाय थरथरत होते, पण पान जागचं हललं नाही.