काजळीतून निघालेली पट्टी

मी ॲल्युमिनियमची पट्टी बोलतेय. जाडीला तुमच्या करंगळीच्या निम्मीसुद्धा नाही, म्हणून मला कमी लेखू नका. कालव्यावरचा तो पायी चालायचा पूल आहे ना, तो मी आणि माझ्या धाकट्या बहिणींनी पेललाय!

एरवी धातूची जाडजूड लादी ओततात आणि ती लाटून लाटून पातळ करतात. आमच्या कारखान्यात मात्र भट्टीतला रस थेट दोन थंड, गोल फिरणाऱ्या पोलादी रुळांच्या फटीत सोडायचे आणि पलीकडून तयार पट्टी काढायचे. म्हणजे, काढायला बघायचे. माझ्या थोरल्या बहिणी रुळांना चिकटून फाटल्या आणि चिंध्या होऊन पुन्हा भट्टीत गेल्या. शेवटी साहेबांनी बजावलं, "आज पट्टी फाटली, तर यंत्र भंगारात."

ते यंत्र म्हणजे मिस्त्रीबाबांचा जीव की प्राण. त्यांची मुलगी तिथेच इंजिनिअर. रस चिकटू नये म्हणून ती रुळांवर ज्योतीने काजळीचा पातळ थर धरायची. पण बाबांना यंत्र चकाचक ठेवायची भारी हौस. लेक पाठमोरी झाली, की पुसून मोकळे! त्या दिवशी तिने त्यांना फडक्यासकट पकडलं.

"बाबा! हे रोज करता?"

"अगं, घाणेरड्या रुळांवर कुणी काम करतं का? केवढा धूर बसलाय बघ."

"धूर नाही, ती काजळी मी मुद्दाम धरते! तिच्यामुळेच पट्टी सुटते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

बाबांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या यंत्राच्या मुळावर मीच उठलो होतो?"

"आता ते फडकं इकडे द्या, आणि सोडा रस."

काजळी पुन्हा धरली, रस सुटला, आणि मी निघाले! अखंड, चकचकीत, ना चीर ना भेग. मी थंड झाल्यावर साहेबांनी मला वाकवून पाहिलं, ठोकून पाहिलं; मी दाद दिली नाही. बाबांनी टोपी उडवली आणि लेकीला मिठीच मारली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पुढे मला दुमडून तुळई केली आणि पुलाच्या एका कडेला, पायाखाली बसवलं. पूल खुला झाला त्या सकाळी बाबा आले. खिशातून फडकं काढलं आणि लेकीकडे चोरून पाहत म्हणाले, "हिला तरी पुसू का गं?"

"पुसा, हवं तितकं पुसा," ती हसत म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

तेव्हा या मंडळी, माझ्यावरून बिनधास्त चाला, हवं तर पाय आपटून बघा. फक्त सकाळी जरा पलीकडच्या कडेने जा. तेव्हा बाबा मला पुसत असतात.