पिल्लांवरची मरळ

रविवार, ४ ऑगस्ट १९९१. सकाळपासून आभाळ भरलेलं, पाऊस मात्र नाही. वारा पडलेला. गाढी नदीचं पाणी बरंच निवळलेलं.

मी गळाची काठी. त्या दिवसाचं सांगतेय. नेऱ्याकडच्या वाडीतल्या काशिरामने मला बांबूच्या बेटातून तोडलं, चुलीच्या धगीवर सरळ केलं आणि पनवेलच्या कमलाकरांना दिलं. कमलाकर कारखान्यात स्टोअरकीपर. सुट्टीच्या दिवशी सायकलच्या दांडीला बांधून मला नदीवर आणायचे. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात गांडुळाला शिंगटी लागायची, थंडीत कणकेच्या गोळीला खवली, उन्हाळ्यात डोहातली मरळ. माणसांना वर्ष महिन्यांवरून कळतं, मला ओढीवरून. बाकी मला फारसं जाणवत नाही.

"भाऊ, गळ टाकताय का झेंडा लावताय?" मला उंच धरलेलं बघून काशिराम हसायचा.

त्या रविवारी तो हसला नाही. कमलाकरांच्या बायकोचा, अरुंधतीबाईंचा, टायफॉइड उतरला होता. पण अन्न समोर आलं की त्या मान फिरवत आणि भिंतीकडे बघत पडून राहत. आदल्या दिवशी एवढंच म्हणाल्या होत्या, "बाजारातला मासा नको, वास येतो. डोहातली मरळ आणलीत तर बघेन."

डोहाच्या कडेला पाण्यावर लाल पुंजका हलत होता. मरळीची पिल्लं. त्यांच्या खाली ती असणारच.

"पिल्लांवर हाय ती," काशिराम म्हणाला. "आमी नाय धरत अशी. पिल्लं पांगू द्या, मग या."

"पुढच्या रविवारी श्रावण लागलेला असेल. महिनाभर घरात मासा शिजायचा नाही. तोवर बायकोने काय खायचं?"

"वयनींना इचारा, यंदा श्रावण सोडतील का."

"ती जेवण सोडेल, श्रावण नाही."

काशिरामने बिडी पेटवली आणि पाठ फिरवली.

कमलाकरांनी गळाला बेडकी लावली आणि पुंजक्याच्या मधोमध सोडली. भुकेला मासा आधी चाचपतो, मग ओढतो. ही थेट आली, हाकलायला. माझं टोक पाण्यात गेलं. तशी ओढ मला माहीत नव्हती. थोड्या वेळाने ती गवतावर होती, आणि पाण्यावरचा पुंजका तिथल्या तिथे फिरत होता.

घरी अरुंधतीबाई उशीला टेकून बसल्या. रश्श्यात भात कालवून त्यांनी घास घेतला.

"तिखट कमी पडलंय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भात मागितला. कमलाकर वाढत राहिले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला नदीवर आणलं, पण गळाला काहीच लावलं नाही. पुंजका नव्हता.

"खाल्ली दुसऱ्या माशांनी," काशिराम म्हणाला. "वयनी?"

"जेवतेय."

"मग झालं."

कमलाकरांनी मला त्याच्या हातात दिलं आणि सायकलवर बसले.

आता मी काशिरामच्या अंगणात दोन मेढींवर आडवी आहे. गळ काढून टाकलाय. त्याची सून कमळी माझ्यावर धुणं वाळत घालते. नदीची आठवण येते का विचाराल, तर सांगता येणार नाही. ओल्या कपड्यांचं ओझं कळतं, ते दुपारपर्यंत उतरतं. एवढंच मागणं आहे, मला इथेच राहू द्या.

अरुंधतीबाई दसऱ्याला स्वतः चालत बाजारात गेल्या. त्या डोहात पुढच्या पावसाळ्यात मरळीचं पिल्लू दिसलं नाही.