चाळीस काँगो टेट्रा

जहूर परकारचा जीव त्या दिवशी टांगणीला लागला होता, आणि तोही बोटभर माशांपायी!

आखातातल्या करामा वस्तीत, शोभेच्या माशांच्या दुकानात तो सात वर्षं टाक्यांच्या काचा घासत होता. आज मात्र काम होतं खुद्द अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या बंगल्यावर. अरबाब संध्याकाळी लंडनला निघणार, तीन महिन्यांसाठी. जाण्याआधी त्याला आफ्रिकेतल्या नदीचे चाळीस काँगो टेट्रा मजलिसमधल्या, म्हणजे बैठकीच्या दालनातल्या टाकीत फिरताना बघायचे होते. मासे बघायचे आणि जहूरच्या फॅमिली व्हिसाच्या कागदावर सही करायची, असं ठरलेलं. तिकडे श्रीवर्धनला अजरा बॅगा भरून तयार होती. हिबा तीन वर्षांची झाली तरी तिला बाप फक्त फोटोतला ठाऊक.

मासे सुखरूप टाकीत उतरले. निळ्या-केशरी खवल्यांचा अख्खा थवा टाकीभर झुलायला लागला, तेव्हा जहूरचा जीव भांड्यात पडला. क्लोरीन मारायचे थेंब आधीच टाकलेले. आता वरचं चार बोटं पाणी तेवढं भरायचं होतं.

आणि इथेच त्यानं माती खाल्ली. जुलै महिना! करामातल्या त्यांच्या खोलीत आठ जण राहायचे, आणि उन्हाळा लागला की गीझर बंद. गच्चीवरच्या टाकीचं निळ्या नळाचं पाणी हात भाजून काढायचं. गार पाणी मिळायचं ते बंद गीझरमधलं, लाल नळाचं. सात उन्हाळे अंगवळणी पडलेली सवय. त्यानं बंगल्यातल्या लाल नळाला पाइप लावला, हात धरून पाहिला. गार! लागणारच गार, एसीनं गारठलेल्या घरातल्या नळात साचलेलं पाणी ते. पण श्रीमंताच्या घरी गीझर बारा महिने चालू असतो, हे त्या शहाण्याला सुचावं कुठून?

पाइप टाकीत सोडला, तेवढ्यात अरबाबनं हाक मारली. "जहूर! यल्ला, कागज लाओ."

अरबाब टाकीकडे पाठ करून बसला होता. कागद मांडीवर, पेन उघडलेलं. इतक्यात त्याचा फोन वाजला. तो बोलत राहिला, हसत राहिला, पेन हवेत नाचवत राहिला. जहूर समोर हात बांधून उभा. सहज त्याची नजर टाकीवर गेली.

टाकीभर पसरलेला थवा पाइपापासून लांब, पार तळाच्या कोपऱ्यात दाटून बसला होता. एकमेकांच्या अंगात घुसत होते बिचारे. वरच्या काचेवर वाफ धरलेली.

तोंड उघडलं तर सही बोंबलली. गप्प राहिलं तर मासे उकडले. अरबाबनं फोन ठेवला, पेन कागदाला टेकवलं. फक्त अर्धं मिनिट, जहूर, अर्धं मिनिट कळ काढ!

नाही निघाली. "या अल्ला!" म्हणत तो धावला. पाइप हातानंच उपसला, तळवा पोळला. मासे आणताना सोबत घेतलेल्या थरमॉसमधला बर्फ पिशवीत बांधून त्यानं पाण्यात सोडला. थवा हळूहळू सुटा झाला. चाळीसच्या चाळीस.

अरबाब मागे येऊन उभा राहिला. वाफाळता पाइप, मग जहूरचं तोंड, दोन्ही त्यानं नीट बघितलं.

"तुम मेरा मछली पकाता था?"

"गलती हो गया, अरबाब."

अरबाबनं पेनाला टोपण लावलं. "वापस आके देखेगा. इन्शाल्ला." कागद कोराच परत आला. ही इन्शाल्ला कधी कधी वर्षानुवर्षं चालते, हे करामातला कुणीही सांगेल.

सूर्य बुडताना जहूरनं बूथवरून फोन लावला. काहीएक न लपवता सगळं सांगितलं.

"किती मेले?" अजरानं विचारलं.

"एकपण नाही."

कार्डावरचे पैसे उडत होते.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "पण हिबाला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

फोनवर हिबा आली. "अब्बा, विमानात खिडकीशी मी बसणार हां!"

"हो गं बाय," जहूर म्हणाला, "तूच बस."