नव्याच्या खोक्यातला जुना

मी बोलतोय. खिडकीतल्या खोक्यातून. खोक्यावर चित्र आहे ते माझं नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. ते त्याचं, त्या नव्याचं. त्याला गाडीत बसवलं आणि त्याच्या रिकाम्या खोक्यात मला कोंबलं. दुसऱ्याने उतरवलेले कपडे अंगावर चढवावे लागले तर तुम्हाला कसं वाटेल? तसंच मला वाटतं, आणि रोज वाटतं.

मी गाडीचा स्पार्क प्लग. इंजिनात आम्ही चार भाऊ, मी तीन नंबरचा. पेट्रोलच्या वाफेला ठिणगी द्यायची एवढंच आमचं काम; पण मिनिटाला हजार हजार वेळा, आणि बरोब्बर आपली पाळी आली की. पाळी चुकली की गाडी ठेच खाते. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी चिनीमाती दुधासारखी पांढरी होती, तिच्यावर बारीक आकडे छापलेले होते. आज माझ्याकडे बघून खरं वाटायचं नाही. नका मानू खरं.

या घरात गाडी चालवते मुलगी. मुलगी म्हणजे आईची मुलगी, तशी चाळिशीला टेकलेली. आई मागच्या सीटवर बसते आणि दर वळणाला "आलं का गं?" विचारते, कारण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जावई वायरमन. लोकांच्या भिंतींवर वायरी अशा ओढतो की पट्टी लावून बघावं. मोठा टापटिपीचा माणूस.

आईच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. दवाखाना उंचावर, वाटेत लांबलचक चढ. त्या चढाच्या मध्यावर गाडी आचके देऊन बंद पडली. तारीख हुकली. परतताना आई नुसती पदराची कड बोटांनी चाचपत बसली. नवी तारीख दोन महिन्यांनी मिळाली, आणि घरात सगळ्यांचं बोट आमच्याकडे.

"प्लग आणि वायरी, दोन्ही बदलून टाकतो," जावई म्हणाला. "माझ्या हातचं काम आहे."

नव्या तारखेच्या आदल्या दिवशी त्याने आम्हा चौघांना पान्याने उपटलं. माझ्या भावांना काही वाटलं नाही, ते मुळात थंड डोक्याचे. माझा मात्र जळफळाट झाला. माझ्या जागी जो बसणार होता तो गोरागोमटा, चकचकीत, अंगावर डाग नाही, अनुभव तर त्याहून नाही. मुलीने त्याला बोटांत धरून "किती छान दिसतोय हो!" म्हटलं. मला इतक्या वर्षांत कुणी छान म्हटलं नव्हतं. तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांत खुपतोय.

मग किल्ली फिरली. आणि काय सांगू! इंजिन थडथडलं, लटलट कापलं, मागून फाट्‌कन आवाज काढून गप्प झालं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

"हे आधीपेक्षा वाईट झालं हो," मुलगी म्हणाली.

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. घ्या, म्हटलं, बसवा गोऱ्यांना!

जावयाला घाम फुटला. त्याने प्रत्येक वायर दाबून पाहिली. मग रबरी हातमोजे चढवून, कसंबसं चालू ठेवलेल्या इंजिनावर एकेक वायर काढून पाहिली. एक नंबरची काढली की इंजिन आणखी अडखळायचं, म्हणजे तो कामाचा. दोनचंही तसंच. तीनची आणि चारची काढली, तर ढिम्म फरक नाही. "नवेच खराब निघाले वाटतं, आधी तीन नंबर बदलून बघतो," तो पुटपुटला. त्याने इंजिन थंड होऊ दिलं, नव्याला काढून खिडकीत ठेवलं आणि खोक्यातून मला उचललं.

मी! ताठ मानेने माझ्या भोकात बसलो. आता बघाच, म्हटलं. किल्ली फिरली, आणि इंजिन तस्संच थडथडलं. फाट्‌! तोंडात मारल्यासारखं झालं मला.

आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. "जावईबापू, उद्याचं जमेल ना हो?" तिने विचारलं. "नाहीतर राहू दे. मला आता धुक्याची सवय झालीय."

जावई पुन्हा वायरी दाबत बसला. मुलगी मात्र इंजिनावर वाकली. रोज सकाळी पाणी बघायला बॉनेट तीच उघडते. इंजिनाशेजारी एक काळी टोपी असते, तिच्यातून आम्हा चौघांच्या वायरी निघतात. तिकडे बोट दाखवून ती म्हणाली, "अहो, इथे एका वायरीवरून दुसरी जायची. आता सगळ्या सरळ कशा?"

"मीच सरळ केल्या. वायरीवर वायर चढलेली मला बघवत नाही."

"अहो, ही काय भिंत आहे?"

त्याने कपाळावर हात मारून घेतला. टापटिपीच्या नादात तीनची वायर चारला आणि चारची तीनला गेली होती. ठिणगी मिळत होती, पण दुसऱ्याच्या पाळीला! त्याने दोन्हींची अदलाबदल केली, वायरीवर वायर चढली, आणि इंजिन मऊ आवाजात चालू लागलं. आई खुर्चीतूनच हसली. त्या आनंदात नवा खिडकीतच राहिला, आणि मी माझ्या जागेवर! मी जिंकलो होतो. खिडकीकडे बघून मी मनातल्या मनात नाक मुरडलं.

सकाळी आई मागच्या सीटवर येऊन बसली. "आज नीट ने गं," म्हणाली. तेव्हा माझा सगळा ताठा उतरला.

कारण आता सांगूनच टाकतो. त्या दिवशी चढावर गाडी बंद पाडली ती मीच. माझं टोक झिजलंय, अंगावर काजळी बसलीय, जोर लागला की माझी ठिणगी विझते. सपाटीवर मी वेळ मारून नेतो. चढावर माझं पितळ उघडं पडतं. हे मला ठाऊक होतं, आणि मी त्या नव्याच्या नावाने बोटं मोडत बसलो होतो.

किल्ली फिरली. थंड इंजिन. मी एक ठिणगी चुकवली, मग आणखी एक. मुद्दाम चुकवली म्हणा, की जमलीच नाही म्हणा. माझं मलाही नक्की सांगता येत नाही. पण अंगणातच चुकलो, चढावर नाही.

मुलीने कान टवकारले. "अहो, थांबा. त्या दिवशी अशीच ठेच खात होती."

"अरेच्चा! नवा तर खिडकीतच राहिला!" जावई पाना घेऊन धावला. त्याने मला काढलं, त्याला बसवलं. गाडी निघून गेली. तिचा आवाज चढापर्यंत एकसारखा ऐकू येत होता. गोड आवाज. माझी आग आग झाली, आणि बरंही वाटलं. दोन्ही.

आता आईच्या डोळ्यावरची पट्टी निघालीय. परवा ती खिडकीशी आली, खोकं उघडून तिने मला बाहेर काढलं आणि डोळ्याजवळ धरलं.

"अगंबाई, किती काळा हा!" म्हणाली. लागलं मला, पण खोटं कुठे होतं? मग तिने पदराने माझी चिनीमाती पुसली. "सहा... मग आडवी रेघ... चार... सात..." ती थांबली. "अगं, इकडे ये! हे केवढं बारीक छापलंय, आणि मला वाचता येतंय!"

त्या नव्यावरही आकडे आहेत म्हणे. असू देत. तो आत अंधारात बसलाय, त्याचे कोण वाचणार? एवढंच मागणं आहे तुमच्यापाशी, मला भंगारात टाकू नका. दुसरा डोळा अजून व्हायचाय तिचा. त्या डोळ्यालाही आधी मलाच वाचू द्या.