नावावरची पट्टी

मनिलातल्या बास्केटबॉल संघांत परदेशी खेळाडू एकच ठेवायचा. तो पडेल ठरू लागला की दुसरा अमेरिकन विमानाने येतो, आधी प्रेक्षकांत बसतो, आणि मैदानावरच्याने काय ते समजून घ्यायचं. डेल्विन प्रुइट तेरा वर्षं देशोदेशी बास्केटबॉल खेळत फिरत होता. असा प्रेक्षकांत तो स्वतः पाच वेळा बसला होता. तेव्हा खालच्या माणसाला काय वाटत असेल, हा विचार त्याच्या मनाला एकदाही शिवला नव्हता.

शुक्रवारी तिसऱ्या रांगेत एक ताडमाड पोरगा शेंगा खात बसलेला दिसला. डेल्विन काय ते समजला. रविवारी त्याची लेक ब्रिएल येणार होती. अकरा वर्षांची झाली, पण बापाला खेळताना समोर बसून एकदाही पाहिलेलं नव्हतं. एवढा रविवार निभू दे, मग खुशाल हाकला मला, असं ओरडून सांगावंसं त्याला वाटलं. पण सांगणार कुणाला?

तो जिवाच्या आकांताने खेळला. एकेचाळीस गुण केले, तरी सामना दोन गुणांनी गेलाच.

"तेबानकाका, खरं सांगा. त्या पोराला विमानतळावरून तुम्हीच आणलंत ना?" गाडीत बसल्यावर त्याने विचारलं.

संघाचा म्हातारा ड्रायव्हर रडवेला झाला. "आणलं रे बाबा! तोंड उघडायचं नाही म्हणून साहेबांनी दम दिला होता. बायकोने तुझ्यासाठी डबा दिलाय, दोन घास खा. त्यांच्या नावाने उपाशी कशाला मरतोस?"

डबा मांडीवर तसाच राहिला. ब्रिएलचं विमान तोवर सुटलं होतं.

ती एकटीच आली, गळ्यात विमान कंपनीची पाटी अडकवून. संघातून काढल्याचं लपवून पाय मुरगळलाय म्हणून सांगायचं त्याने ठरवलं होतं. तिचा चेहरा पाहिला आणि थाप मारवेना.

रविवारी बापलेक प्रेक्षकांत बसले. नव्या पोराचा गणवेश शिवून झाला नव्हता, म्हणून त्याच्या अंगात डेल्विनचाच होता. पाठीवरच्या नावावर नुसती पांढरी चिकटपट्टी लावलेली.

"ए प्रुइट, वर काय करतोस? उतर खाली! हा नुसताच लांब आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे खो खो हसले. डेल्विनही हसला, करतो काय बिचारा?

तिसऱ्या सत्रात घामाने पट्टी सुटली आणि लोंबू लागली. ब्रिएल ताडकन उभी राहिली.

"बाबा, बघ, बघ! आपलं नाव धावतंय!"

त्या पोराने चेंडू जाळीत टाकला. लेक बघत होती, म्हणून डेल्विनने टाळ्या वाजवल्या.