चौदाचे दान

मी वीस बाजूंचा एक जुना फासा आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

मंगेशने मला मुंबईच्या एका दुकानातून घेतले आणि शिमग्याच्या सुट्टीत गावी, कुडपणला आणले. राक्षस, गुहा आणि खजिन्यांचा तो खेळ. मंगेश गोष्ट चालवायचा, बाकीचे आपापला गडी कागदावर लिहून खेळायचे. कोणाचा वार लागला, कोणाचा हुकला, हे माझ्या दानावर ठरायचे. दर्शनाचा गडी म्हणजे गोदा, लढवय्यी, अंगावर चिलखत आणि हातात ढाल. तिने पुढे उभे राहून मार सोसायचा. भरतचा गडी चोरटा, अंगात नुसते कातडी जाकीट. शत्रू गोदाशी झुंजत असताना त्याने आडून सरकायचे आणि मागून एकच नेमका वार करायचा. चार शिमगे दोघांनी मिळून गाजवले. तेव्हा मी सगळ्यांचा 'गुणी फासा' होतो, मला कपाळाला लावून टाकायचे.

यंदा पालखीच्या पहिल्या खांद्याचा मान भरतच्या घराकडे आला. त्याच दुपारी मंगेशच्या ओटीवर खेळ रंगला आणि गुहेच्या तोंडाशी राक्षस उभा राहिला.

"पुढं मी ऱ्हानार," भरत म्हणाला. "पालखीला पहिला खांदा आमचा, मग हितं मागं कसा ऱ्हाऊ?"

"भरतदादा, तुझा गडी चोरटा हाय रे! एका फटक्यात जाईल. गोदाला पुढं ऱ्हाऊ दे," दर्शना म्हणाली.

"तू मागं थांब गो."

मंगेशला खेळ चांगला कळत होता. पण मानकऱ्याच्या पोराला नाही कोण म्हणणार? तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो.

राक्षसाच्या वाराला मी चौदाचे दान दिले. गोदाची ढाल भेदायला त्याहून मोठे दान लागते, तिच्यावर चौदा म्हणजे नुसता खणकन आवाज. कातडी जाकिटाला चौदा पुरले. चोरटा मेला.

"फासाच खोटा हाय! चीटिंग करतो!" म्हणत भरतने मला अंगणात भिरकावले. दगडावर आपटून माझा एक कोपरा उडाला. मी खोटा? पुढे कोणी उभे राहायचे ते मी ठरवले होते का?

मग मंगेशने भांडण मिटवले. कसे, तर दर्शनाच्या पुढ्यातला गोदाचा कागद उचलून भरतला दिला. खोडून खोडून, पुन्हा लिहून तिने चार वर्षे जपलेला कागद!

"आता गोदा तू घे. मान पन ऱ्हाईल, गेम पन चालू ऱ्हाईल. दर्शना, तू जरा चाय ठेव गो."

दर्शना उठली. चुलीकडे गेली नाही. अंगणात उतरून तिने मला उचलले, ओढणीला पुसले आणि मुठीत धरून चालू लागली.

"फासा दे गो! त्याच्याबिगर खेळायचं कसं?" मंगेश ओरडला.

"खोटा हाय ना तो?" ती म्हणाली आणि थांबली नाही.

आता मी तिच्या बटणांच्या डब्यात असतो. मित्रांनो, मला जपा म्हणून मी हे सांगत नाही, माझे व्हायचे ते झाले. ज्याला मार सोसता येतो, त्याची जागा जपा. ती जागा कोणी हिसकावत असेल, तर ओटीवर गप्प बसू नका. गोदाचा कागद अजून भरतकडेच आहे.